पंचफुलाआत्या आणि नाचरे डोळे

मुलांच्या वॉर्डात नातेवाइकांची ओळख पेशंटच्या नावाने होते. रेहानची आई, अथर्वचे बाबा, चार नंबरच्या बेडची आजी. पंचफुलाआत्या वॉर्डात आली आणि दोनच दिवसांत हे उलटं झालं. दोन वर्षांची सानू 'आत्याची भाची' झाली. केसपेपरवर तिचं नाव सानवी असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, पण राउंडवरचे डॉक्टरसुद्धा विचारायचे, "आत्याची भाची आज कशी आहे?"

वर्ध्याजवळच्या त्या दवाखान्यात मी तेव्हा फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. आजारपणात ज्यांचे हातपाय ऐकेनासे होतात, त्या मुलांना पुन्हा बसतं, उभं, चालतं करणं हे माझं काम. आत्या मला 'कसरतवाली ताई' म्हणायची. मी दुसऱ्या मजल्यावर असले तरी तिने माझी चौकशी केलेली मला ऐकू यायची, इतका तिचा आवाज मोठा. रोहणा आणि आर्वीच्या बाजारात वर्षानुवर्षं भाजी विकून कमावलेला आवाज होता तो. सिस्टर दिवसातून चार वेळा तिला हळू बोलायला सांगत. ती लगेच मान डोलवायची, "हाव, हाव, चुकलंच माह्यं," असं तेवढ्याच आवाजात म्हणायची आणि पुढचं वाक्य सुरू करायची.

अंगाने ठेंगणी, रुंद खांद्यांची. पदर कायम कमरेला खोचलेला. वय पन्नासच्या आसपास. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती रोहण्याला माहेरी परत आली आणि आई नसलेल्या धाकट्या भावाला, गजूला, तिने वाढवलं. दोघं मिळून भाजीपाला लावत. कपाळावर ती मोठी लाल टिकली लावायची. सुरुवातीला गावातल्या बायका त्यावरून कुजबुजल्या म्हणे. आत्याने त्यांना सांगितलं होतं, की मले शोभते म्हणून लावली, तुमाले शोभत असंन तं तुमीही लावा. विषय तिथेच संपला.

दवाखान्यातल्या स्टुलावर ती कधी बसली नाही. जमिनीवर फतकल मारून बसायची आणि समोर आलेली प्रत्येक गोष्ट बाजारातल्या नजरेने पारखायची. सलाईनची बाटली आली, की तिचा पहिला प्रश्न असायचा, "कवाचं हाय हे?" मग सिस्टरला बाटलीवरची तारीख वाचून दाखवावी लागे. तारीख समजली, की आत्या बाटली उजेडात धरून एकदा हलवायची आणि पसंत पडल्यासारखी परत द्यायची. पहिल्या आठवड्यात सिस्टर वैतागल्या. दुसऱ्या आठवड्यापासून त्या बाटली घेऊन आल्या, की आत्याने विचारायच्या आत स्वतःच तारीख वाचू लागल्या.

ती आली कशी, ते सांगायला हवं.

गजूची ही मुलगी सानू वर्षाची असताना चालायला लागली, दीड वर्षाची असताना वांग्याच्या सऱ्यांमधून पळायला. दोन वर्षांची झाली आणि एका आठवड्यात सगळं बिघडलं. आधी ती चालताना झोकांड्या जाऊ लागली. मग उभं राहता येईना. हात मधूनच दचकल्यासारखे उडायचे, घास तोंडाऐवजी गालावर जायचा. स्वभावही पालटला. हसरी मुलगी सकाळपासून रडायची, जवळ घेणाऱ्याला चावायची. तीन ठिकाणी दाखवून झालं. एकाने अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं, बाकीच्या दोघांनी सांगितलं की सर्दीतापानंतर लहान मुलांचा तोल असा जातो आणि काही आठवड्यांत आपोआप येतो. त्यांचंही चूक नव्हतं, बहुतेक मुलांचं तसंच असतं. शेजारणीने दृष्ट काढायला सांगितली. आत्याने तीही काढून पाहिली.

पण आत्याने आणखी एक गोष्ट पाहिली होती. मधूनच काही क्षण सानूचे डोळे नाचायचे. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, कुठेही, एकदम, आणि मग थांबायचे. डॉक्टरांनी बॅटरी घेऊन जवळ यावं, तर सानू किंचाळून डोळे गच्च मिटून घ्यायची. त्यामुळे आत्या सांगायची आणि कोणाला ते दिसायचं नाही. शेवटी तिने शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून मोबाइलवर व्हिडिओ काढायला शिकून घेतलं.

सानूची आई तेव्हा आठ महिन्यांची गरोदर होती, म्हणून भाचीला घेऊन आत्याच आमच्याकडे आली. आमच्या बालरोग विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, त्यांच्यासमोर तिने मोबाइल ठेवला. त्यात वीसपंचवीस व्हिडिओ होते. काहींमध्ये नुसता आत्याचा अंगठा होता, एकात बराच वेळ कोंबडी होती. मॅडम शांतपणे एकेक पाहत गेल्या. एका व्हिडिओपाशी त्या थांबल्या. तो तीनदा पाहिला. मग बाहेर उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांना आत बोलावलं आणि आत्याला विचारलं, की हा व्हिडिओ कोणी काढला.

"म्या काढला," आत्या म्हणाली. "नाई काढाचा होता का?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही काढला नसता, तर मलाही कळलं नसतं."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या आजाराचं नाव ऐकलं. लांबलचक नाव आहे ते, आत्याने ते कधीच उच्चारलं नाही. ती 'नाचरे डोये' म्हणायची. मॅडमनी गजूला बोलावून घेतलं आणि दोघांना समजावलं, की या वयाच्या मुलाचे डोळे असे नाचू लागले, की पोटात किंवा छातीत कुठेतरी एखादी लहानशी गाठ असू शकते, ती शोधलीच पाहिजे. सोनोग्राफी झाली, काही दिसलं नाही. लघवीची तपासणीही चांगली आली. गजूच्या जिवात जीव आला, आता घरी जाऊ म्हणाला. मॅडम म्हणाल्या, एमआरआय केल्याशिवाय मी मानणार नाही.

आत्या त्यांच्या बाजूने होती. "बरबटीची शेंग पानाआड राह्यते," ती भावाला म्हणाली. "वरून पाह्यलं तं दिसत नाई. पान उचलून पाहा लागते."

एमआरआयमध्ये सापडली. पोटात पार मागे, पाठीच्या कण्याला लागून, बोराएवढी.

एवढीशी गाठ पोटात, आणि डोळे कसे नाचतात, हे गजूच्या काही केल्या लक्षात येईना. मॅडमनी कागदावर चित्र काढलं. आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती गाठीला शत्रू म्हणून ओळखते आणि तिच्याशी लढायला हत्यारं तयार करते. पण गाठीवरची एखादी खूण आणि मेंदूत तोल सांभाळणाऱ्या पेशींवरची खूण सारखी निघाली, तर ती हत्यारं मेंदूवरही चालतात. म्हणून गाठ तर काढायचीच, पण त्यानंतर ही चुकलेली प्रतिकारशक्तीही ताळ्यावर आणायची. तिचे उपचार वेगळे, आणि लांब चालणारे. या उपचारांना इम्युनोथेरपी म्हणतात.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले, तर ती चारपाच आयांना गोळा करून तेच समजावत होती.

"आता असं पाहा. वावरात रानडुकरं येते म्हनून राखनदार ठेवला. डुक्कर कायंकुट्ट. आपली म्हैसही कायीच. त्यानं डुकराले झोडपलं, बरं केलं. पन मंग तो म्हशीलेही झोडपून राह्यला. डुक्कर पयालं तरी त्याची काठी थांबत नाई. मंग काय राखनदाराले हाकलून द्याचं? नाई. त्याच्या हातची काठी घ्याची, त्याले खाटेवर बसवाचं, अन् मंग म्हैस कोनती ते दाखवाचं."

मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. पुढे विद्यार्थ्यांना शिकवताना त्या हाच राखणदार वापरू लागल्या.

गाठीचं ऑपरेशन नागपूरला झालं. गाठ पूर्ण निघाली, पसरलेली नव्हती, त्यासाठी दुसरं काही औषध लागणार नव्हतं. बातमी चांगली होती, पण सानू आमच्याकडे परत आली ती तशीच. डोळे नाचत होते, हात उडत होते, बसवलं तर ती एका बाजूला कलंडत होती. मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं. सांगितलेलं असलं तरी बापाला ते डोळ्यांनी बघणं वेगळं.

एका दुपारी वॉर्डाबाहेरच्या कडुनिंबाखाली गजू पिशवी भरून उभा होता. मी सानूचा व्यायाम संपवून बाहेर आले, तेव्हा बहीणभावाचं बोलणं चाललं होतं. गजू आत्याला 'बाई' म्हणायचा. त्याचा आवाज चढलेला होता.

"गाठ काढली बाई. आता काय उरलं? पोट्टीले नुसत्या सुया टोचून राह्यले. मी तिले घरी नेतो."

आत्या पुढे झाली. तिने त्याच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली.

"सातवीत टायफाइड झालता तुले," ती म्हणाली. "ताप उतरला अन् तू म्हने मी चांगला झालो, गोया नाई घेत. म्या काय केलं?"

"तोंडात कोंबल्या."

"तुह्या पोरीच्याही कोंबीन. तू घरी जा. तिकडे बायकोचे दिवस भरत आले, तिच्यापाशी राह्य. हे माह्यावर सोड."

गजू खाली वाकला. मग त्याने पिशवीतले फक्त स्वतःचे कपडे काढून घेतले आणि बसस्टँडकडे निघाला. तो फाटकाबाहेर गेला आणि आत्या झाडाच्या पारावर बसली. मी शेजारी बसले. तिने पदराने चेहरा पुसला.

"भेव तं मलेही वाटते ताई," ती म्हणाली. "पन दोघंही भेलो तं पोट्टीनं कोनाकडे पाहाचं?"

तिला घाबरलेलं मी त्यानंतर एकदाच पाहिलं, ते पुढे येईल.

उपचार सुरू झाले. दर महिन्याला तीन दिवस स्टिरॉइड आणि एक लांबलचक ड्रिप. स्टिरॉइडने सानूचा चेहरा पुरीसारखा फुगला आणि तिला भूक लागू लागली. साधी भूक नाही. भात झाला की पोळी, पोळी झाली की शेजारच्या बेडवरच्या मुलाचं केळं. आत्याला त्याचा आनंदच झाला. "खाऊन तं राह्यली," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सानूने तिच्या हाताला चावून वळ उठवले, ते वळसुद्धा ती मला कौतुकाने दाखवायची, की बघा, दातात जोर आला.

माझी पंचाईत वेगळीच होती. माझ्याकडे रंगीत रिंगा होत्या, चेंडू होते, घंटा लावलेली गाडी होती. सानू यातलं काहीही हातात घ्यायची आणि माझ्याकडे भिरकावायची. तिच्यात बळ येत होतं, पण पाऊल टाकायची इच्छाच नव्हती. तीन आठवडे मी सगळे उपाय करून थकले.

पुढच्या खेपेला आत्या रोहण्याहून आली ती पाठीवर पोतं घेऊन. माझ्या खोलीत तिने ते जमिनीवर उलटं केलं. वांगी, आलू, भेदरं म्हणजे टोमॅटो, दोन दुधी, आणि सांबाराच्या जुड्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. खोलीच्या एका टोकाला तिने ओढणी पसरून दुकान मांडलं, सानूला तिथे बसवलं आणि मला दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक म्हणून उभं केलं.

"मागा काहीतरी," तिने मला हुकूम केला.

मी एक वांगं मागितलं. सानूने वांगं उचललं, माझ्याकडे फेकायला हात मागे नेला. आत्या गरजली, की फेकलेला माल कोणी घेत नाही, गिऱ्हाइकाच्या हातात नेऊन द्या लागते. सानू काही वेळ विचारात पडली. मग एका हाताने भिंत धरून उठली, दुसऱ्या हातात वांगं, आणि झोकांड्या खात, दोनदा बसकण मारत, माझ्यापर्यंत आली. ऑपरेशननंतरची ती तिची पहिली पावलं. मी वांगं दोन्ही हातांनी घेतलं. आत्या मात्र दुकानदाराच्या मागे बसून मला बजावत होती, की एवढ्याशा वांग्याने तुमच्या घरी भाजी होणार नाही, आणखी मागा.

महिनाभरात हा बाजार दवाखान्यात प्रसिद्ध झाला. व्यायामाला येणारी बाकीची मुलंही गिऱ्हाईक झाली. फक्त मॅडमना माती लागलेली भाजी दिसली आणि त्या रागावल्या, कारण या औषधांवर असलेल्या मुलाला कुठलाही जंतू चालत नाही. आत्याने ऐकून घेतलं. पुढच्या खेपेपासून पोत्यातली भाजी साबणाने धुतलेली असायची. तिच्या वांग्यांना अंगाच्या साबणाचा वास यायचा. आर्वीच्या बाजारात तीच वांगी विकायला नेल्यावर एका गिऱ्हाइकाने काय विचारलं, ते ती हसून हसून सांगायची, पण मला ते आता नीट आठवत नाही.

ती लांबलचक ड्रिप इम्युनोग्लोब्युलिनची. एकदा आत्याने नेहमीप्रमाणे तारीख विचारली आणि मग विचारलं, की हे औषध बनतं कशाचं. सिस्टरनी सांगितलं, की माणसांच्या रक्तापासून. अनोळखी लोक रक्तदान करतात, त्यातला एक भाग वेगळा काढतात, आणि एका बाटलीत अशा कितीतरी लोकांचं मिळून असतं. आत्याने मान वर करून बाटलीकडे पाहिलं. मग तिने विचारलं, त्या लोकांची नावं कोणाला माहीत असतात का. कोणालाच नसतात म्हटल्यावर तिने त्या बाटलीला हात जोडले. बाटली अर्धी झाली होती.

पुढच्या महिन्यात ती थेट आमच्या रक्तपेढीत जाऊन उभी राहिली. तिथल्या मुलाने बोटाला सुई टोचून थेंब तपासला आणि सांगितलं, की मावशी, तुमच्या अंगात रक्त कमी आहे, तुमचं घेता येणार नाही. आत्याला हा अपमान वाटला. तिने आपला दंड पुढे केला, पोतं उचलून दाखवू का म्हणाली. तो बिचारा नम्रपणे म्हणाला, की पालेभाज्या खात जा.

ती तणतणत माझ्या खोलीत आली. "पालेभाजी खा म्हन्ते. मले! जिनं सारी आर्वी पालकावर पोसली, तिले सांगते."

मी विचारलं, की आत्या, तुम्ही स्वतः काय खाता? ती बोटं मोजत सांगू लागली. मेथी, पालक, सगळा चांगला माल बाजारात जायचा. तिच्या ताटात भाकर, ठेचा आणि उरलंसुरलं वांगं. इतक्या वर्षांत हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ती स्वतःवरच इतकी हसली, की सानूही कारण न कळता हसू लागली. त्या दिवसापासून रोज पहिली जुडी घरात ठेवायची असा नियम झाला. चार महिन्यांनी तिने पुन्हा बोट पुढे केलं आणि या वेळी पास झाली. रक्त देऊन आली तेव्हा तिच्या हातात बिस्किटाचे दोन पुडे होते. माझं रक्त कोणत्या मुलाला जाईल, असं तिने तिथे विचारलं होतं. ते सांगता येत नाही, हे ऐकून म्हणाली म्हणे, की कोन्यातरी पोट्ट्याले जाईन ना, बस झालं.

सगळं असं चांगलं चाललेलं असताना ते झालं.

सानू आता हात सोडून चालत होती. डोळे आठआठ दिवस शांत असायचे. घरी तिला भाऊ झाला होता. नागपूरला पुन्हा तपासणी झाली, गाठीचा मागमूस नव्हता. आत्या तिला घेऊन नागपूरहून वर्ध्याला परत येत होती आणि वाटेत केळझर लागलं. तिथल्या गणपतीला तिने नवस बोललेला होता. गर्दीत नेऊ नका, असं मॅडमनी बजावून सांगितलेलं. पण पाच मिनिटांचं काम, असं म्हणून ती उतरली. नेमकी चतुर्थी होती, रांग मोठी होती. चार दिवसांनी सानूला ताप आला. ताप उतरला आणि पाठोपाठ डोळे पुन्हा नाचू लागले. आठवड्याभरात मुलगी बसेनाशी झाली.

त्या दोघी वॉर्डात आल्या त्या दिवशी सिस्टरना आत्या आली आहे हे बराच वेळ कळलंच नाही. आवाज नव्हता. ती भिंतीला टेकून बसली होती, टिकली लावलेली नव्हती. तिने ड्रिपची तारीखही विचारली नाही. मी जवळ बसले तेव्हा तिने केळझरचं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "म्याच केलं ताई हे. माह्याच हातानं केलं."

मी तिला मॅडमकडे नेलं. मॅडमनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, की ताप घरातही येऊ शकतो, धाकट्या भावाच्या सर्दीनेही येऊ शकतो, आणि घराबाहेर न पडलेल्या मुलांमध्येही हा आजार उलटतो.

"पन नेलं नसतं तं?" आत्याने विचारलं.

मॅडम खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "तर उलटला असता की नसता, हे मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही येणार नाही. मग त्यात दिवस घालवू नका. उद्या मी नवीन औषध सुरू करते आहे. ड्रिप खूप हळू द्यावी लागते, पाचसहा तास, आणि पहिल्या वेळी मूल थरथरू शकतं. त्या वेळी ती फक्त तुमचं ऐकेल. उद्या तुम्ही मला बोलणाऱ्या हव्यात."

औषध होतं रिटुक्सिमॅब. प्रतिकारशक्तीतल्या ज्या पेशी ही चुकीची हत्यारं बनवतात, त्यांनाच कमी करणारं. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिप लागली. सिस्टर दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि बीपी बघत होत्या. तासाभराने सानूला हुडहुडी भरली, अंगावर लाल चट्टे आले, ती घाबरून रडू लागली. सिस्टरनी ड्रिप थांबवली, इंजेक्शन दिलं. आम्ही सगळे बेडभोवती जमलो. आणि तेव्हा आत्याचा आवाज परत आला. तिने सानूचे दोन्ही तळवे हातात धरले आणि आर्वीच्या बाजाराची एकेक दुकानदारीण तिला सांगायला सुरुवात केली. कोण कुठे बसते, काय विकते, कोणाचा माल कसा, कोणाची कोणाशी भांडणं. सानू हुंदके देत ऐकू लागली. चट्टे उतरले. ड्रिप पुन्हा सुरू झाली, आणखी हळू. दुपारी तीनला बाटली रिकामी झाली तेव्हा सानू झोपली होती आणि आत्या बाजाराच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचली होती. पलीकडच्या बेडवरच्या आईने विचारलं, की मग त्या कांदेवालीचं पुढे काय झालं.

त्या औषधाचं नाव आत्याला एकदाच सांगितलं गेलं. तिने त्याचं 'रितू-सीमा' करून टाकलं. पुढच्या आठवड्यांत दवाखान्यात येताना ती दारातूनच विचारायची, "आज रितू-सीमा येनार हायेत ना?" नवीन आलेल्या एका डॉक्टरला रितू आणि सीमा या दोन परिचारिका वाटल्या आणि त्याने ड्युटीच्या यादीत त्यांची नावं शोधली.

सहासात आठवडे गेले. एका सकाळी मी सानूच्या समोर बसून घड्याळ लावलं आणि नुसती तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. ते काळेभोर डोळे माझ्यावर स्थिर होते, आणि तिला माझा कंटाळा आलेला त्यांत स्पष्ट दिसत होता. मी मान वर केली तर आत्या दारात उभी होती. तीही तेच बघत होती. ती आत आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. त्या दिवसापासून ती मला ताई म्हणायची थांबली आणि पोरी म्हणू लागली.

नंतरची दोन वर्षं तशी सरळ गेली. मधे एकदा ताप आला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी आठवडाभर श्वास रोखून धरला होता, पण आजार उलटला नाही. स्टिरॉइड कमी होत बंद झालं, चेहऱ्याची पुरी गेली आणि रोहण्याचा हडकुळा, हनुवटी पुढे काढणारा चेहरा परत आला. आत्या आता फार सांभाळायची. नात्यातल्या एका लग्नात तिने सानूला मांडवात आणलंच नाही. गच्चीवर दोघींच्या खुर्च्या मांडल्या आणि वरून अक्षता टाकल्या. त्यातल्या निम्म्या भटजींच्या डोक्यावर पडल्या.

सगळं होतं तसं झालं, असं मी म्हणणार नाही. सानू जरा थांबत थांबत बोलते. रंग भरताना तिची पेन्सिल रेघेबाहेर जाते, आणि राग आला की अजून तो लवकर उतरत नाही. अंगणवाडीच्या बाईंनी चित्राबद्दल तक्रार केली, तेव्हा आत्याने त्यांना सांगितलं, की माह्यीही भाकर अजून गोल होत नाई, खाणाऱ्याचं काही अडत नाई. पण घरी ती रोज तिला पाटीवर गोल काढायला बसवायची, हे मला गजूकडून कळलं.

मग तो दिवस आला. मॅडमनी सानूला कॉरिडॉरमध्ये पळायला लावलं, एका पायावर उभं केलं, डोळे तपासले, आणि सांगितलं, की आता वर्षातून एकदा दाखवलं तरी चालेल. व्यायामाची गरज नाही. म्हणजे माझी गरज नव्हती. आमच्या कामात याच्यापेक्षा चांगलं काही ऐकायला मिळत नाही, आणि तरी त्या दुपारी मला कसंसंच झालं.

माझी ड्युटी संपली होती, म्हणून मी त्यांच्याच ऑटोने वर्ध्याच्या बसस्टँडपर्यंत गेले. आर्वीची गाडी लागलेली होती. आत्याने मला निरोपाचं काही म्हटलं नाही. लग्न कधी करणार, नाही केलं तरी हरकत नाही, पण डबा नीट खात जा, एवढं बजावून ती सानूला पुढे घालून गाडीत चढली. त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी होते.

कंडक्टर तिकिटं कापत त्यांच्यापाशी आला. त्याने सानूकडे पाहून वय विचारलं. इतके दिवस ती फुकटच यायची. सानूने स्वतःच उत्तर दिलं, शब्द शोधत, सावकाश, की परवा पाच पूर्ण झाले. कंडक्टर म्हणाला, मग आता हिचं अर्धं लागेल. बायकांना एसटीत तसंही अर्धंच तिकीट असतं.

"देजो," आत्या म्हणाली. "माह्यं अर्धं, तिचं अर्धं. दोघी मियून एक पूरी."

कंडक्टर हसला आणि त्याने दोन तिकिटं फाडली. सानूने दोन्ही आपल्याकडे घेतली, एकावर एक ठेवून नीट जुळवली, आणि गाडी हलली तरी ती खाली मान घालून त्यांचे कोपरे जुळवत होती. आत्या खिडकीतून माझ्याकडे बघत नव्हती. ती सानूच्या हातांकडे बघत होती.